रेघेखालचा शब्द

एकतीस वर्षं मी भाषांतर केलं असं सांगितलं, की लोक आदरानं विचारतात, "कुठली पुस्तकं?" पुस्तक एकही नाही. मी भाषांतर केलं ते नोटिसांचं, तक्रारअर्जांचं, बदलीच्या हुकमांचं आणि साहेबलोकांच्या शेऱ्यांचं. "मोकाट जनावरांच्या मालकांनी लक्षात घ्यावं" हे वाक्य मी इंग्रजीतून हिंदीत इतक्या वेळा नेलं आहे, की उज्जैनच्या बहुतेक म्हशी मला ओळखत असाव्यात. पुस्तकाच्या भाषांतरात चूक झाली तर वाचक नाक मुरडतो. आमच्याकडे चूक झाली तर कुणाच्या तरी घरची चूल विझण्याची वेळ येते. तशी ती एकदा माझ्या हातून जवळजवळ आली होती. तीच गोष्ट सांगतो.

ग्वाल्हेर दरबारचा अंमल गेला आणि मध्यभारत आला, त्या वेळी मी कचेरीत नवा होतो. दरबारच्या काळात आमच्याकडे साहेब शेरे इंग्रजीत मारत, हुकूम हिंदीत निघत आणि कारकून भांडत मराठीत. सगळ्यांचं व्यवस्थित चाललं होतं. नवं राज्य आल्यावर ठरलं, की आता सगळं हिंदीत. मग जुन्या कागदांचे गठ्ठे आमच्या भाषांतर शाखेत येऊन पडू लागले. शाखा म्हणजे एक खोली, दोन नक्कलनवीस, मी आणि आमचे प्रमुख मुंशीजी.

मुंशीजी दरबारच्या जमान्यातले. फारसी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत सारखेच चिडू शकत. त्यांच्यापाशी एक शब्दवही होती, भैरवगढच्या लाल छापील कापडात गुंडाळलेली. कुठलाही इंग्रजी शब्द पहिल्यांदा आला, की त्याचा हिंदी अर्थ ठरवून त्या वहीत चढवायचा. एकदा चढला की चढला. त्यानंतर तो शब्द जिथे येईल तिथे नक्कलनवीस वही उघडणार आणि तोच अर्थ उतरवणार, विचार करायचा नाही. "सोचने का काम एक बार होता है," असं मुंशीजी म्हणत.

वहीत अर्थापुढे एक उदाहरण लिहावं लागे, आणि ते डोळ्यांनी पाहिलेलं हवं. बसल्या जागी रचलेलं वाक्य मुंशीजींना चालत नसे. "मनगढंत मिसाल नहीं चलेगी, बाबू. जो देखा है वही लिखो." त्यामुळे त्या वहीत निम्मं उज्जैन होतं. 'हट्टी' या अर्थाच्या शब्दापुढे एका टांगेवाल्याचं घोडं होतं आणि 'विलंब' या अर्थाच्या शब्दापुढे मुंशीजींचे व्याही.

आता तात्या. तात्या आमच्याच कचेरीत दफ्तरखान्यात होता, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. त्याचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं, दरबारी चाकरीतलं. कुठलाही जुना कागद मागा, तात्या डोळे मिटून उभा राहायचा आणि नेमक्या गठ्ठ्यावर हात ठेवायचा. माणूस लोण्यासारखा मऊ. एकच गोष्ट होती, त्याचं हसणं. ते पोटातून निघायचं, वाटेत कुठे थांबायचं नाही आणि बाहेर आलं की दफ्तरखान्यातली कबुतरं उडायची. त्यात कुचेष्टा नसायची. पण ते सुरू झालं की कचेरीतली सगळी कामं, ते संपेपर्यंत थांबत. दरबारच्या काळात एका साहेबांच्या हातून त्या आवाजानं सहीच्या कागदावर दौत सांडली होती. त्या साहेबांनी तात्याच्या शेरापत्रकात इंग्रजीत दोनच शब्द लिहिले. पहिल्याचा अर्थ 'कुशल'. दुसरा होता 'बॉइस्टरस'.

हा शब्द मोठा गमतीचा आहे. जुन्या इंग्रजीत तो रांगड्या, आडदांड माणसाला लावत. मग तो वाऱ्याला आणि खवळलेल्या समुद्राला लागला. पुढे त्यातली दांडगाई ओसरली आणि गलका तेवढा उरला. आता शाळा सुटल्यावर पोरं ओरडत बाहेर पडतात, लग्नाच्या पंगतीत वऱ्हाडी मोठमोठ्यानं हसतात, मित्र मित्राच्या पाठीत धपाटा घालतो, तिथे तो शोभतो. आवर सुटलेला आहे, पण कुणाचं वाईट करायचं मनात नाही. इंग्रजीत बेताल वागण्याला डझनभर शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी. मी पुढे माझ्यापुरती एक कसोटी काढली होती. अशा माणसाला "पुरे" म्हणून बघायचं. चिडून दुप्पट करतो त्याला एक शब्द, ऐकूच येत नाही त्याला दुसरा, आणि जो "हो हो, चुकलं" म्हणत आणखी थोडं हसून घेतो, तो बॉइस्टरस. हे शहाणपण मला नंतर आलं. आधी काय झालं ते बघा.

मध्यभारतातली आमची पहिलीच रंगपंचमी. मी नवविवाहित, डोक्यावर सासऱ्यांनी दिवाळसणाला दिलेली काळी फेल्टची टोपी. रंगपंचमीला टोपी घालून राम घाटावर जायचं नसतं हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मला वाटलं, सरकारी माणसाच्या टोपीला कोण हात लावणार? घाटाच्या दुसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत कुणीतरी ती उडवली आणि ती शिप्रेत पडली. तात्या तिथेच होता, नखशिखांत गुलाबी. त्यानं कंबरभर पाण्यात जाऊन टोपी काढली, पिळली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. टोपीचा काळा रंग ओघळून माझ्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. मग तात्या हसला. पलीकडच्या तीरावरच्या पंड्यांनी माना वर करून पाहिलं.

"तात्या, पुरे!" मी ओरडलो.

"हो रे, हो, चुकलं यार," असं म्हणत तो पायरीवर बसला आणि पोट धरून आणखी हसला.

दुसऱ्या दिवशी मी फुरंगटून कचेरीत गेलो. टेबलावर पहिलाच कागद होता, सणाच्या दिवशी घाटावर बॉइस्टरस वर्तन करून यात्रेकरूंना त्रास देऊ नये, असा एका साहेबांचा जुना इंग्रजी शेरा. शब्द वहीत नव्हता. मी जाडा शब्दकोश उघडला. त्यात चार-पाच अर्थ एकाखाली एक होते, पहिला सर्वांत जुना आणि सर्वांत कडक. भाषांतरकारानं शेवटपर्यंत खाली यायचं असतं. मी पहिल्यावरच थांबलो, कारण मला तोच हवा होता. वहीत चढवलं, 'उद्दंड', म्हणजे हिंदीत दांडगट, कुणाला न जुमानणारा. मिसालही डोळ्यांनी पाहिलेली होती, ती मी चांगली सजवून लिहिली. मुंशीजींनी वाचून मान हलवली आणि सही केली.

वर्ष गेलं. मग विलीनीकरणाची छाननी आली. वीस-पंचवीस संस्थानांचे नोकर एकत्र आले तेव्हा माणसं जास्त आणि जागा कमी झाल्या. प्रत्येकाचं शेरापत्रक हिंदीत करून समितीपुढे ठेवायचं होतं. समिती म्हणेल तो राहणार, बाकीच्यांनी नारळ घ्यायचा. दफ्तरखान्यात चार माणसं होती आणि जागा तीन.

एके दिवशी दुपारी तात्या माझ्या टेबलापाशी आला. हातात त्याच्या पत्रकाची हिंदी प्रत होती, नक्कलनवीसांनी शब्दवहीवरून तयार केलेली.

"हे बघ ना," तो म्हणाला. "'कुशल, किन्तु उद्दंड.' मी उद्दंड आहे का रे? समितीवाले तर मला उभाच करणार नाहीत. तीन पोरी आहेत घरात, आईची दवा चालू आहे. यार, मी कुणाला कधी अरे म्हटलं का?"

मूळ पत्रकात 'किन्तु' नव्हता, तो नक्कलनवीसानं आपल्या पदरचा घातला होता. पण 'उद्दंड' माझा होता. तात्याला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून मी मुंशीजींकडे गेलो आणि म्हटलं, तो अर्थ जरा कडक पडला आहे, बदलू या का?

"वही में आपकी लिखावट है, मेरी सही है," मुंशीजी म्हणाले. "मिसाल भी आपकी आँखों देखी है. तब झूठ लिखा था या अब बोल रहे हो?"

मी तसाच माझ्या टेबलाकडे परतलो. मीही तेव्हा कच्च्या नेमणुकीवर होतो. हा भेकडपणा होता, आणि तो आठवला की आजही जेवताना घास अडतो.

इकडे तात्यानं आपल्या परीनं उपाय काढला. त्यानं हसणं सोडलं. समिती येईपर्यंत कचेरीत दात दाखवायचे नाहीत, असं ठरवून टाकलं. हसू आलं की तो मनात एकोणतीसचा पाढा म्हणायचा. "तीसचा सोपा पडतो, हसू निसटून जातं," असं त्यानं मला समजावून सांगितलं. त्यामुळे कुणी काही गमतीचं बोललं, की तात्याचे डोळे छताला लागत आणि ओठ हलू लागत. लोकांना वाटलं, त्यानं कुठलं तरी अनुष्ठान धरलं आहे. शिपायानं मला बाजूला घेऊन विचारलं, "इनके घर कोई गुज़र गया क्या?" आईनं त्याची दृष्ट काढली. कबुतरांनी दफ्तरखान्यात घरटी बांधली.

समिती आली. तिघेजण होते. मधले अध्यक्षसाहेब इंदूरकडचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे, आवाज शांत. शब्दांबद्दल शंका निघाली तर खुलासा करायला मुंशीजी वही घेऊन कोपऱ्यात बसले होते आणि त्यांच्यामागे मी उभा होतो. तात्याला बोलावलं. बंद गळ्याचा कोट घालून तो खांबासारखा येऊन उभा राहिला.

"आप दफ़्तर में उद्दंडता करते हैं?"

"जी नहीं."

"किसी से मारपीट? अफ़सर का कहना टाला?"

"जी, कभी नहीं."

"फिर यह क्यों लिखा है?"

तात्या म्हणाला, "साहब, हँसी आ जाती है."

"किस बात पर?"

"बात तो छोटी होती है साहब. हँसी बड़ी आती है."

डावीकडच्या सभासदांनी नाक खाजवलं. अध्यक्षसाहेबांनी मूळ इंग्रजी पत्रक मागवलं, चष्मा वर करून तो शब्द पाहिला आणि विचारलं, "इसका 'उद्दंड' किसने किया? शब्दवही में देखिए."

मुंशीजींनी लाल कापड सोडलं, पान काढलं, उभे राहिले आणि कोर्टात निकाल वाचावा तसे वाचू लागले. "बॉइस्टरस. अर्थ, उद्दंड. मिसाल, 'रंगपंचमी के दिन राम घाट पर उद्दंड लोगों ने एक सम्भ्रान्त, सुशिक्षित एवं नवविवाहित व्यक्ति की टोपी बलपूर्वक छीनकर क्षिप्रा में प्रवाहित कर दी.'"

तात्याची मान हळूहळू वळली आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. शब्द कुणाचा, टोपी कुणाची, तो सम्भ्रान्त, म्हणजे खानदानी, गृहस्थ कोण. मला वाटलं, आता हा बोट दाखवणार. त्याचे डोळे छताला लागले, ओठ हलू लागले. मी तोंडाकडे बघत होतो. एकोणतीस दुणे अठ्ठावन्नपर्यंत तो नक्की पोचला. मग 'नवविवाहित' त्याला आठवलं असावं.

ते हसणं दीड महिना कोंडलेलं होतं. टेबलावरची टाचण्यांची वाटी थरथरली. बाहेरचा शिपाई आत आला आणि तसाच बाहेर गेला. तात्या दोन्ही हातांनी तोंड दाबत होता, पण ते बोटांमधून निघत होतं.

"इसमें हँसने की क्या बात है?" अध्यक्षसाहेबांनी विचारलं.

"कुछ नहीं साहब, माफ़ करें," तात्या डोळे पुसत म्हणाला. "मेरी ही ग़लती है साहब. कुछ नहीं."

नोकरी चालली होती आणि तो माझं नाव घेत नव्हता. तिथे मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी मुंशीजींच्या मागून पुढे आलो.

"साहब, वो टोपी मेरी थी."

अध्यक्षसाहेबांनी चष्मा सारखा केला. "टोपी आपकी. और ये सम्भ्रान्त, सुशिक्षित?"

"जी, वो भी मैं."

"नवविवाहित?"

"जी. उस समय."

आधी उजवीकडच्या सभासदांना हसू फुटलं, मग डावीकडच्यांना. अध्यक्षसाहेबांनी जरा दम धरला, पण त्यांचे खांदे हलत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तेही हसले. हसण्याचा भर ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "फिर मिली, टोपी?"

"मिली साहब. इन्होंने ही पानी में उतरकर निकाली थी."

"और इन्हीं को आपने उद्दंड लिखा."

मी मान खाली घातली. अध्यक्षसाहेब म्हणाले, आता बरोबर अर्थ सांगा. मी म्हटलं, 'हँसमुख, ज़रा ज़ोर का.' मुंशीजी बसल्या जागेवरून म्हणाले, "'ज़रा ज़ोर का' सरकारी भाषा नहीं है." बरीच ओढाताण होऊन 'हँसमुख, उच्च स्वर में' ठरलं. मुंशीजींनी टाक बुडवला आणि कर्तव्य म्हणून विचारलं, "मिसाल?"

"अभी जो देखा, वही लिखिए," अध्यक्षसाहेब म्हणाले.

मुंशीजींनी लिहिलं. ते पान मी नंतर कितीदा तरी उघडून पाहिलं आहे. त्यांच्या वळणदार अक्षरात होतं, 'समिति के सम्मुख दफ़्तरी बाबू हँसे, और समिति भी हँसी.' खाली सही. स्वतः मुंशीजी हसले नव्हते, त्यामुळे त्यांनी स्वतःला त्यात धरलं नाही. पुढे पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत आणि माझी पक्की नेमणूक सहा महिने लांबली. ते मला मिळायलाच हवं होतं.

तात्या राहिला. संध्याकाळी त्यानं मला चौकात गाठून जिलेबी खाऊ घातली. मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, "सोड ना यार. 'बलपूर्वक छीनकर'! कुठून आणलंस रे हे?" आणि जिलेबीवाल्याच्या दुकानापुढे पुन्हा सुरू झाला.

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. पण सरकारी कागदाचा एक नियम वाचकांना सांगायला हवा. शेरापत्रकातला शब्द खरवडायचा नसतो, त्यावर शाईही फासायची नसते. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर नवा शब्द लिहायचा आणि बाजूला सही करायची. तात्याच्या पत्रकावर त्याप्रमाणे लाल शाईची रेघ आली. वर बारीक अक्षरात 'हँसमुख, उच्च स्वर में', आणि रेघेखाली माझा 'उद्दंड', ठसठशीत.

मग मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि आमच्यातली बरीच माणसं तिकडे पाठवली गेली. त्यात तात्याही गेला. नव्या साहेबानं त्याचं पत्रक उघडलं. खोडलेला शब्द असला की माणूस वरचा वाचत नाही, खालचाच वाचतो. साहेबानं वाचलं, उद्दंड. शिवाय तो कुणीतरी खोडून घेतला आहे, म्हणजे वरपर्यंत पोच असलेला उद्दंड. त्यानं तात्याला अशा शाखेत नेमलं, जिथे कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

तात्याची पत्रं यायची. "इथे मी खोलीत आलो की लोक उभे राहतात. का ते मला माहीत नाही." पुढच्या पत्रात लिहिलं होतं, "काल मला हसू येऊन गेलं. दोन कारकुनांनी तुंबलेल्या फाइली संध्याकाळपर्यंत काढून टाकल्या." ती शाखा ताळ्यावर आली तशी त्याची बदली त्याहून वाईट शाखेत झाली, तीही बढतीवर. असं होत होत जन्मात कुणाला अरे न म्हणालेला हा माणूस भोपाळमध्ये दरारा म्हणून प्रसिद्ध झाला आणि राजपत्रित अधिकारी होऊन निवृत्त झाला. रेघेखाली काय आहे हे त्याला चांगलं माहीत होतं. त्यानं ते कुणाला समजावून सांगितलं नाही, एवढीच काय ती त्याच्या आयुष्यातली लबाडी.

शब्दवहीचं म्हणाल तर वरून छापील सरकारी शब्दकोश आले आणि वही रद्दीत गेली. मुंशीजी त्याआधीच गेले होते, ते एक बरं झालं. लाल कापड मी मागून घेतलं.

उज्जैनातच नानाखेड्याला मी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला तात्या भोपाळहून आला. केस पिकलेले, हातात काठी, आवाज तोच. जेवणं झाल्यावर बोलता बोलता शेरापत्रकांचा विषय निघाला.

"तुझ्यात काय लिहिलं होतं रे?" त्यानं विचारलं. "कधी दाखवलंस नाही."

मी कपाटातून लाल कापडात बांधलेले कागद काढले. निवृत्तीच्या वेळी मी माझ्या सगळ्या शेऱ्यांची नक्कल करून ठेवली होती. तात्यानं चष्मा लावला आणि बोट ओलं करून पान उलटलं. 'संतोषप्रद.' दुसरं उलटलं. 'संतोषप्रद.' पुढच्या पानावर तेच, त्यापुढेही तेच. एकतीस वर्षं, एकही रेघ नाही. सुरुवातीच्या वर्षांचे शेरे साहेबांनी जुन्या सवयीनं इंग्रजीतच मारले होते, त्यांचं भाषांतरही मीच केलं होतं. आजवर मला त्या स्वच्छ पानांचा अभिमान वाटायचा. त्या दिवशी तात्याच्या हातात ती बघताना वाटलं, या पानांवरच्या माणसाला कुणी ओळखत असेल का? मला खरंच वाईट वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

तात्यानं शेवटचं पान मिटलं. तो हसला नाही.

"चांगलं आहे," असं म्हणून त्यानं छताकडे पाहिलं. मी बघत राहिलो. त्याचे ओठ हलत होते.

"एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी," मी म्हणालो. "हस आता, तात्या."

आधी तो सुरू झाला आणि मग मीही. आमच्या घरातल्यांनी खिडक्या लावून घेतल्या, तरी समोरचे नवे शेजारी धावत फाटकापाशी आले आणि मला विचारू लागले, "भाईसाहब, सब ठीक तो है?"